बाईसाहेबांचा ट्रे

...नाही, पण बुटात? मी म्हणतो, अख्खी फरशी मोकळी पडलीये, कोपरे आहेत, मोरी आहे, आणि हिला नेमका माझा बूट सापडतो? आणि मी तो घातला हो! मोज्यासकट! तुम्हाला सांगतो, कामावर निघायच्या घाईत बुटात पाय घालावा आणि तळव्याला कोमट लागावं... ब्रह्मांड आठवतं ब्रह्मांड! मी चिडू नको तर काय करू?

ही कोण? आमची मांजर. आमची कसली, लेकीची! शाळेत असताना दप्तरात घालून आणली, "बाबा, फक्त आजच्या दिवस हं!" मग लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न करून परगावी गेली, आणि मांजर आमच्याकडे राहिली. नाव काहीतरी गोंडस ठेवलं होतं, पण तिचा तोरा बघून मी बाईसाहेब म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. आता म्हातारी झालीये. दात पडलेत, काळ्या तोंडावरचे केस पिकलेत, पण तोरा? तो तसाच!

बरं, बाईसाहेब पहिल्यापासून अशा असत्या तर गोष्ट वेगळी. पण नाही! जन्मभर कारभार कसा, एकदम टापटीप. मागच्या खोलीत वाळूचा ट्रे, त्यात जायचं, उरकायचं, वर वाळू लोटायची आणि बाहेर यायचं, जसं काही आम्ही त्या गावचेच नाही! आणि म्हातारपणी हे काय सुरू केलं? आधी पायपुसणं. मग इस्त्रीचे कपडे. मग बूट. मग माझी दुकानाची बॅग!

माझं चष्म्याचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक बसलंय, चांगल्या घरच्या बाई, डोळ्यांवर नवी फ्रेम, मी म्हणतो, "थांबा हं, पुसायला मऊ फडकं देतो," आणि बॅगेची चेन उघडली... तो भपकारा! बाईंनी फ्रेम काढली. नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "अहो, आत काही... मेलंय का?" मी काय सांगू? की मेलं नाही, जिवंत आहे आणि घरी दूध पितंय? मी चिडू नको तर काय करू?

घरी येऊन बोललो, तर बायको माझ्यावरच उखडली. "तुम्ही वाळू बदलत नाही वेळेवर! तुम्हाला तरी आवडेल का असल्या ठिकाणी जायला?" बदलली. ट्रे घासला, उन्हात वाळवला. बाईसाहेबांनी तो हुंगला आणि सोफ्यामागे गेल्या!

मग अवतरला मेव्हणा. जगातल्या प्रत्येक विषयावर आमच्या मेव्हण्याला बोलता येतं, येत नाही ते फक्त गप्प बसणं. "दाजी, मांजर म्हणजे सगळा मनाचा खेळ! तिला एकांत हवा, एकांत!" आणि घेऊन आला एक बंद पेटी. वर छप्पर, पुढे झुलतं दार, उंच उंबरठा, आत गुलाबाच्या वासाची वाळू. पेटी कसली, बंगलाच तो! आम्ही तिघं उभे, जणू वास्तुशांत आहे. बाईसाहेब आल्या. पुढचा पाय उंबरठ्यावर ठेवला. काढला. परत ठेवला. परत काढला. माझ्याकडे एकदा बघितलं... आणि बंगल्याच्या भिंतीला टेकून, बाहेर, सगळ्यांदेखत! मेव्हणा म्हणतो, "जवळ तर आली की!"

लेकीला फोन लावला. ती तिकडून, "बाबा, तिला ओरडू नका हं, तिला ताण येतो." तिला ताण येतो! आणि मी काय इथे हवा खातोय?

पण माझ्या उशीवर झालं ना, तेव्हा मात्र डोकं फिरलं. मी म्हटलं, बस्स! मेव्हण्याच्या गोदामात उंदीर फार झालेत, तिकडे सोडून येतो. बायकोनं टोपली आणून ठेवली आणि आत स्वतःची जुनी साडी अंथरली. मी रागारागात बाईसाहेबांना मागून उचललं... आणि ती ओरडली हो. मांजर ओरडते तशी नाही. कळ आल्यावर माणूस ओरडतो ना, तशी.

बायको म्हणाली, "आधी डॉक्टर. मग कुठं सोडायचं तिथं सोडा."

प्राण्यांची डॉक्टरीण, पोरसवदा, पण हात मऊ. तिनं बाईसाहेबांच्या कमरेवर जरासं दाबलं, तर हे एवढंसं अंग चोरलं बाईसाहेबांनी. "काका, सांधे आखडलेत हिचे. ट्रेची कड उंच आहे का?"

"आहे. आता तर दार आहे, छप्पर आहे, गुलाब आहे!"

"आत चढताना तिला दुखतं. तिला वाटतं, ट्रेमुळेच दुखतं. म्हणून ती दुसरी जागा शोधते. तुमच्यावर राग नाही काढत हो ती."

बाहेर आलो तर बायको म्हणते, "गावाला चष्मे लावता, आणि घरातलं दिसत नाही!" अरे, पण मी म्हणतो, मांजरीनं बोलायचं ना मग! दुधाला उशीर झाला तर घर डोक्यावर घेते, आणि दुखतंय सांगायला तोंड नाही? मी चिडू नको तर काय करू?

गोदामाचं नाव परत कुणी काढलं नाही. मी जमिनीवर फतकल मारली, जुना ट्रे पुढ्यात घेतला आणि करवतीनं त्याची एक बाजू कापत बसलो, पार बोटभर राहीपर्यंत. कड घासून गुळगुळीत केली. साधी वाळू भरली. ट्रे आणला थेट बैठकीच्या खोलीत, ती झोपते तिथून चार पावलांवर. मग आम्ही नवराबायको दाराआड श्वास रोखून उभे. बाईसाहेब आल्या, हुंगलं, थांबल्या... आणि चालत आत! आणि मग तो आवाज, वाळू लोटल्याचा, खसखस, खसखस... बायकोनं माझा हात घट्ट धरला. माझा ऊर भरून आला. कशानं? मांजरीच्या मुतानं! या वयात!

आता तिला औषध चालू आहे, ऊबदार गादी आहे, सोफ्यावर चढायला उतरती फळी आहे. आणि मी? त्या कापाकापीत जमिनीवर बसलो, तो उठताना गुडघ्यानं कट्ट केलं, तेव्हापासून लंगडतोय. काल सोफ्यावर बसून जरा मलम चोळायला घेतलं, तर बायको आतून धावत आली. मला वाटलं, चला, चोळून देतेय. कुठलं काय!

"अहो, बंद करा ती डबी! तिला उग्र वास सहन होत नाही, परत ट्रे सोडेल! तुमचं काय असेल ते गॅलरीत जाऊन करा!"

तर मी सध्या गॅलरीत असतो.