खिडकीकडचा गाल

...नाही, पण डाग एकाच गालावर असतील तर क्रीम दोन्ही गालांना कशाला, सांगा ना तुम्हीच! तुम्हाला सांगतो, मी लोकांना गाडी शिकवतो, म्हणजे गाडी ते चालवतात, मी शेजारी बसून ब्रेक दाबतो आणि देवाचं नाव घेतो. इतकी वर्षं त्याच खिडकीशी बसल्यावर ऊन कुणाला लागणार? डाव्या गालाला! उजवा अजून नवरदेवासारखा, आणि डावा... जाऊ द्या. चाललं होतं आपलं, पण आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, "मास्तर, नव्या बोर्डावर तुमचा फोटो टाकू या." माझा फोटो! चौकात! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोठं करत होतं हो, मग चेहरा जरा धड दिसावा असं वाटणारच ना?

गेलो दुकानात. तिथली पोरगी विचारते, "काका, स्किन ऑयली की ड्राय?" म्हटलं, बाळ, एक बाजू भाजलीय, एवढंच ठाऊक आहे! तिनं सीरम दिलं. घरी वहिनी म्हणतात, "अहो भावोजी, आधी व्हिटॅमिन सी!" बायको म्हणते, "ते राहू दे, रात्रीचं क्रीम आणा." आणि गाडी शिकणाऱ्या एक बाई, भर रस्त्यात मान वळवून, "सर, तुम्ही नायसिनामाइड का नाही लावत?" अहो बाई, समोर टेम्पो आहे, आधी तो चुकवा! गाल माझा, मत सगळ्यांचं!

शेवटी सगळंच आणलं आणि सगळंच लावलं, एकावर एक, फक्त डाव्या गालाला. लवकर गुण यावा म्हणून सढळ हातानं. आला ना गुण! गाल लालभडक, वर सालपटं! त्वचेच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणतात, "हे सगळं बंद. रोज सनस्क्रीन, नंतर एकच औषध, आणि धीर धरा, काही महिने लागतील." महिने? फोटोवाला सोमवारी येणार होता! "आणि सनस्क्रीन दोन्ही गालांना हं." घ्या! गाल माझा, मत सगळ्यांचं!

सोमवारी मी उजवा गाल पुढे करून उभा राहिलो, तरी डाव्याची सालपटं दिसतच होती. फोटोवाल्यानं पाहिलं, मालकांनी पाहिलं, दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका..." वाटलं हो वाईट, खोटं कशाला बोलू?

आता बोर्ड लागलाय. वर नुसती गाडी. आमचीच. तिचीही डावी बाजू सगळी ओरखड्यांनी भरलेली होती... पण ती दुपारी गॅरेजात गेली, संध्याकाळी चकाचक होऊन आली. तिला कुणी धीर धरायला नाही सांगितलं!