बर्डीचं भुंकणं

इंग्लंडातल्या ससेक्समधल्या जनावरांच्या दवाखान्यात हेडली बसला होता. शेजारी टपन आणि पेलिंग हे दोघे म्हातारे बोलत होते. टपनच्या पायाशी त्याची स्पॅनियल जातीची शिकारी कुत्री, बर्डी.

"काय झालं रे हिला?"

"झुडपात शिरली की भुंकते. शिकारीत स्पॅनियलनं गप्प राहावं, असं शिकारीच्या रानाचा रखवालदार म्हणतो. पुन्हा आणू नका म्हणाला."

"त्याला काय कळतंय? आपली ससेक्सची जात भुंकणारच. दाट काट्यांत कुत्रं दिसतंय कुठं? आवाजावरूनच कळतं, ससा आहे की पाखरू."

"तेच ऐकवलं त्याला."

"मग औषध कशाला?"

"ही घरात चकार शब्द काढत नाही. विनी जिवंत होती तेव्हा चालायचं, बायको स्वतःचं नि हिचंही बोलायची. आता डॉक्टरला विचारतो, घरातही भुंकेल असं काही आहे का."