जिथं ती दिसली नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सीत्से, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या पाद्री विआर्दाबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते एव्हर्ट आणि हिल्के, आणि कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी बॅटरीच्या स्कूटरवर वारा खात आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो!

मी रिन्स्के. या दोघांची कुंपणापलीकडची शेजारीण, एवढाच माझा अधिकार. घरी त्यांना अरे-तुरे करते, तेव्हा इथंही करणार. सीत्सेंनी बजावलंय, थोडक्यात बोल, कॉफी निवतेय. पण मला ओळखत असूनही माईक माझ्याच हाती दिला, त्याला मी काय करू?

हे दोघं आपलं फ्रिसलंडमधलं गाव सोडून हेग शहरात राहायला निघालेत. गावात कुजबुज आहे, म्हातारपणी कसलं हे शहराचं खूळ! ते खूळ नाही. ते काय आहे, हे सांगायला खुद्द एव्हर्टनंच मला सांगितलंय. काल कुंपणाशी येऊन म्हणाला, ‘‘तू सांग. मी बोलायला लागलो तर मध्येच अडकेन.’’

एव्हर्ट मूळचा हेगचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या दूधडेअरीत येण्याआधी तो तिथं ट्राम चालवायचा, हे ठाऊक आहे का? नसेल. एके दिवशी एका थांब्याजवळ एक लहान मुलगी चेंडूमागं धावत रुळांवर आली. मार्लेन तिचं नाव. त्यानं ब्रेक लावला होता, पण ट्राम थांबेपर्यंत ती गेली होती. चौकशी झाली, त्यात त्याचा दोष नाही असं ठरलं. पण निर्दोष ठरल्यानं झोप येते का हो? त्यानं नोकरी सोडली, शहर सोडलं आणि जिथं रूळच नाहीत अशा आपल्या गावात आला. हिल्केला लग्नाआधी एकदा सगळं सांगितलं आणि म्हणाला, ‘‘पुन्हा विचारू नकोस.’’ तिनं विचारलं नाही.

पण मार्लेन त्याच्याबरोबर इथं आली होती. डेअरीच्या फाटकाशी ती उभी असायची. खिडकीच्या काचेत दिसायची. शाळा सुटायच्या वेळी हा रस्त्याच्या कडेला थांबून मान फिरवायचा आणि आपण म्हणायचो, माणूस जरा शिष्टच आहे. मीही म्हणायचे. ‘‘आमची मुलं मोठी झाली,’’ काल तो म्हणाला, ‘‘ती नाही झाली.’’

पुढं हिल्केचा संधिवात वाढला, याचे गुडघे गेले आणि दारात दोघांसाठी खुर्चीसारख्या बसायच्या, बॅटरीच्या स्कूटर आल्या. तेव्हा हिल्केनं हट्ट धरला. ‘‘आता दोघांनाही चाकं आहेत. मरायच्या आधी मला तुझं शहर दाखव.’’ गेल्या वसंतात दोघं स्कूटरींसकट सुट्टीला हेगला गेले.

समुद्र पाहिला. चित्रं पाहिली. गाड्यावर उभ्या उभ्या, म्हणजे बसल्या बसल्या, कांदा घालून हेरिंग मासे खाल्ले. पण हा तिला सगळीकडे वळसे घालून नेई. हिल्के वैतागली. ‘‘अरे, नकाशात तर सरळ रस्ता दिसतोय!’’

‘‘सरळ रस्ता मला माहीत आहे,’’ हा म्हणाला.

हॉटेलच्या लिफ्टची घंटा वाजली तरी याला ती ट्रामची वाटे आणि हात ब्रेककडे जायचा. हिल्के ते पाहत होती.

मग एका सकाळी पावसाची भुरभुर होती. मोठ्या चौकात हिल्के पुढं, हा मागं. रूळ ओलांडताना तिच्या स्कूटरचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत रुतलं. मागं होईना, पुढं होईना. तिची बोटं तुम्ही पाहिलीत, ती एकटी खाली कशी उतरणार? आणि वळणावरून ट्राम आली.

लोक ओरडले. एव्हर्ट ओरडला नाही. ओल्या रुळांवर ट्राम किती घसरत येते, हे त्याच्याइतकं तिथं कुणाला माहीत होतं? हिल्केपाशी येईपर्यंत ती थांबणार नाही, हे त्यानं ओळखलं. त्यानं आपली स्कूटर रुळांच्या मधोमध घातली आणि एक हात उंच हलवत सरळ ट्रामच्या अंगावर निघाला, चालकाला तो आधी दिसावा आणि ब्रेक आधी लागावा म्हणून. हिल्के मागून किंचाळत होती, ‘‘एव्हर्ट, नको! नको रे!’’

ट्राम थांबली. हात लांब केला तर काचेला लागेल, इतक्या जवळ.

चालक मुलगी धावत खाली उतरली. इक्राम नावाची, पोरसवदा. ‘‘आजोबा, वेड लागलंय का तुम्हाला? मरायचंय का?’’ म्हणून ओरडली आणि मग तिचे हात थरथरायला लागले. एव्हर्टनं ते हात पाहिले. स्वतःचेच हात त्यानं पुन्हा पाहिले म्हणा ना.

‘‘बस इथं, माझ्याजवळ,’’ तो म्हणाला. ‘‘तू थांबवलीस. कळतंय का पोरी? तू थांबवलीस. आज एकटी घरी जाऊ नकोस.’’ मार्लेन गेली त्या दिवशी त्याला ‘एकटा घरी जाऊ नकोस’ म्हणणारं कुणी नव्हतं.

लोकांनी हिल्केची स्कूटर उचलून काढली. ती अजून रडत होती, तेवढ्यात हा म्हणाला, ‘‘चल, आता सरळ रस्त्यानं जाऊ.’’

तो तिला त्या थांब्यावर घेऊन गेला. झाडं आता मोठी झालीत. एव्हर्ट रुळांकडे पाहत राहिला. हिल्केनं जन्मात पहिल्यांदा विचारलं, ‘‘ती आहे का इथं?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हिल्के, ती इथं नाहीच.’’

सगळीकडे दिसणारी ती मुलगी फक्त तिथं दिसली नाही. त्या रात्री तो सकाळपर्यंत झोपला. गावात परत आला, तर डेअरीच्या फाटकाशी ती उभी होतीच.

म्हणून ते चाललेत. त्याच थांब्यासमोर तळमजल्याचं घर मिळालंय. हिल्केला मी विचारलं, ‘‘तुला करमेल?’’ ती म्हणाली, ‘‘त्याला झोप लागली, की मलाही लागेल.’’

पण मंडळी, मला राहवलं नाही. काल एव्हर्टला विचारलंच, ‘‘आणि ती तिथंही आली तर रे?’’

तो म्हणाला, ‘‘आली तर दार उघडेन.’’

तुम्ही सगळ्यांनी खोकलासुद्धा आवरून ऐकलंत, अध्यक्षांनी घड्याळ पाहायचं टाळलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. दुसऱ्याचं दुःख माझ्या तोंडून सांगताना कुठं धक्का लागला असेल, तर तो राग माझ्यावर काढा, त्या दोघांवर नको. हिल्के, एव्हर्ट, सांभाळून राहा.