मिलट्रीच्या गाडीची पायरी

गोदाबाई : मंग तो हत्ती उतरला का नाही?

नत्थुजी : कायचा उतरते! अचलपूरकडच्या त्या जहागीरदारानं सांगतलं, नत्थुजी, हौद्यात चढाले जिना करून दे. मी असा केला, असा केला, का हत्तीलेच आवडला. भिंतीले लावून पाहाले गेलो तं तोच चढला माडीवर. पंधरवडाभर त्याले वरच कडबा पोचवला.

गोदाबाई : तुमच्या जिभेले हाड नाही. तिकडं हत्ती माडीवर चढते, अन् घरच्या बायकोले पुतण्याच्या गाडीवर पाय टाकता येत नाही.

नत्थुजी : म्हनूनच तं पायरी ठोकून राहिलो, गोदे!

जानराव : ठोका काकाजी, पन गाडीले भोक नोका पाडू. नागपूरच्या लिलावातून आनली मी. लढाईत बरमादेशाच्या चिखलातून निघालेली मिलट्रीची गाडी आहे. चारी चाकं ओढते तिचे.

नत्थुजी : ओढते रे, पन उंच केवढी! गोऱ्या सोल्जराच्या टांगा मोजून केली. वर बसलं का अकोल्याच्या बजारातला भाव दिसते.

गोदाबाई : मले अमरावतीचाच पुरे. पोळ्यानंतर बैल गेले, बंडी बंद झाली, तवापासून माझी भाजीची जागा तिथं सुनी पडली. मांगच्या बजारी कौशल्या मेथी मांडून बसली म्हने त्या जागेवर. उद्या बी नाही गेली तं ते तिचीच होईन. सासूनं बसवलं होतं मले तिथं.

जानराव : मांगच्या बजारी चढवतच होतो ना काकू तुमाले. चार जनं लागलो होतो.

गोदाबाई : लागले, अन् कापसाच्या गठानीवानी उचललं मले! टोपलं एकीकडं, मी एकीकडं, वांगे सडकेवर, अन् सारं गाव ओट्यावर उभं राहून पाहे. तसं नाही जानार मी. आपल्या पायानं चढीन, नाहीतर घरी बसून वांगे सुकवीन.

जानराव : पन काकाजी, पायरी खाली घेतली तं नाल्यात गोट्याले अडकन. वरतं घेतली तं काकूच्या कामाची नाही.

नत्थुजी : बिजागिरी कायले लावली लेका? मानूस चढलं का पायरी उचलाची, कडीत अडकवाची. अन् भोक एक बी नाही. जुन्या बंडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून वाकवली. तुया गाडीले अशी मिठी मारली तिनं, का सोयरे आले तरी सोडत नाही. वरतून हे तिवसाचं लाकूड. ठेव पाय, गोदे.

गोदाबाई : थांबा. हे कायचं आहे?

नत्थुजी : तिवसाचं. सांगतलं ना.

गोदाबाई : तिवसाचं काय आहे?

नत्थुजी : आता... जू आहे. आपलंच. बैल गेल्यापासून आढ्याले टांगूनच होतं.

गोदाबाई : अवो बाप्पा! या जुवानं सोललेले बैलाचे खांदे मी पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानानं लोनी-हळद लावून शेकले. या जुवाले बी कुंकू लावलं. अन् त्याच्यावर पाय देऊ?

नत्थुजी : घरात याच्याइतलं पक्कं लाकूड नाही. अन् बजार उद्यावर आला.

जानराव : काकू, वरतून पोतं गुंडाळून देऊ. दिसनच नाही.

गोदाबाई : डोळ्याले नाही दिसत बापू, पायाले समजते.

नत्थुजी : मंग बसाचा पाट घेऊ?

गोदाबाई : त्याच्यावर जेवाले बसता ना?

जानराव : उंबरठा उपडू का?

गोदाबाई : तू चूप राह्य.

नत्थुजी : घ्या! या घरात पाय ठेवाले एक लाकूड नाही. जन्मभर आपन काय उडून राहिलो होतो?

गोदाबाई : ढेकळं फोडाची ते जाड फळी कुठी आहे? बैलामांग ओढत होतो ते.

नत्थुजी : गोठ्यामांग पडली. काहून? ते बी तं पुजतो आपन.

गोदाबाई : पुजतो. पन तिच्यावर पाय दिल्याशिवाय तिचं कामच होत नाही. वजन लागते. नवी नवरी होती तवा मामंजीनं मलेच उभं केलं होतं तिच्यावर. बैल उधळले, सारे ओरडले, पन मी पडली नाही.

नत्थुजी : मले कसं ठाऊक नाही हे?

गोदाबाई : तुमी तवा कुंपनाशी कोनाले तरी हत्ती सांगून राहिले असान. ते फळी रुंद आहे. डोईवर टोपलं राहिलं तरी आखा पाय बसते तिच्यावर.

जानराव : धराले एक कडं लावून देऊ, काकू?

गोदाबाई : दोन्ही हात टोपल्याले लागते रे. कडं काय दातानं धरू?

नत्थुजी : म्हंजे आता सारं उकलू?

गोदाबाई : उकला. अन् जू पुसून परत टांगा आढ्याले.

नत्थुजी : आता ते कायले? बैल नाही ना बंडी नाही.

गोदाबाई : जागा राहिली तं भाजी खपन. भाजी खपली तं पोळ्याले दारात जोडी उभी राहीन. तवा काय उसनं जू मांगाले जाता?

नत्थुजी : जान्या, तो पाना दे इकडं. लवकर.

(दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत. गाडी सुरू आहे. गोदाबाई डोक्यावर वांग्यांचं टोपलं घेऊन पायरीपाशी.)

जानराव : हात देऊ, काकू?

गोदाबाई : देऊ नोको.

नत्थुजी : मी खालून फळी धरून ठेवतो.

गोदाबाई : तुमीच बसवली ना? मंग सोडा.

नत्थुजी : सोडली. हं, हळू... लुगडं पाह्य... अवो, टोपलं...

गोदाबाई : बोलू नोका. चढली मी.

नत्थुजी : चढली! पाह्यलं का जान्या? आता मोर्शीपावतर सांगीन मी, का गोदाबाईनं पाय ठेवला अन् मिलट्रीची गाडी उंटासारखी गुडघे टेकून खाली बसली!

गोदाबाई : सांगजा. आंधी पायरी उचलून कडी लावा.

जानराव : लागली कडी. हळूहळू नेतो, काकू. भेवू नोका.

गोदाबाई : हळू कायले? कौशल्या येयाच्या आंधी मले माझी जागा झाडून ठेवाची आहे.