व्हिनेगरने धुतलेला फिल्टर

"हॅलो?… बोल गं ताई. लॅबमध्येच आहे, पण बोल."

फोन मान वाकडी करून खांद्याशी धरला आणि धाकटीने हातमोजे उतरवले. पाण्यातलं शिसं काढणं हेच तिचं काम. थोरलीच्या पाळणाघरातल्या विहिरीच्या पाण्यात, शेजारच्या बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामुळे, शिसं उतरलं होतं. चार महिन्यांपूर्वी धाकटीने स्वतः बनवलेला फिल्टर तिथे बसवला होता.

"फिल्टर लख्ख झाला? कसा काय?… हो, पिवळट थर धरतो तो… कशाने?… ताई, थांब. कशाने धुतलास म्हणालीस?"

तिने फोन हातात घेतला.

"व्हिनेगर. रात्रभर भिजवून… बरं. आणि त्यातून आज पाणी काढलंस?… कुठंय ते पाणी?… भाताला? भात शिजतोय? आधी गॅस बंद कर. मग सांगते. जा, मी फोनवरच आहे."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मुलं बाराला जेवायला बसत.

"हं… केलास बंद? कुणी काही खाल्लं नाही ना अजून?… प्यायलं?… बाटल्या सकाळी घरून भरून आणतात. नक्की?… सगळ्यांच्या? शाब्बास. आता ऐक. घाबरू नकोस, नीट ऐक.

फिल्टरमधल्या त्या नळीत लोखंडाच्या गंजासारखी पूड आहे ना, केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक… हो, तीच काळपट. पाणी तिच्यावरून जातं आणि शिसं तिला चिकटून बसतं. आंबट काही लागलं की ती पकड सुटते… हो. चार महिन्यांचं धरलेलं सगळं त्या व्हिनेगरमध्ये आणि पाण्यात…

नाही, उकळून जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं… भात टाकायचाच. कुत्र्यालासुद्धा घालू नकोस. मोरीत नाही ओतायचा, झाकणाच्या डब्यात भर. पाणीही कॅनमध्ये भर, व्हिनेगर उरलं असेल तर तेही, वर मोठ्या अक्षरात 'वापरू नका' लिही. मी येऊन नेते."

पलीकडून बराच वेळ डबा-कॅन भरल्याचे आवाज येत होते. धाकटी खुर्चीत बसली.

"रडतेस कशाला?… अगं ऐक ना… ऐक तर. चूक तुझी नाही. मी सहा पानं सूचना लिहिल्या, पण आंबट लावू नको एवढी एक ओळ नाही लिहिली. वर तुला म्हटलं, स्वच्छ ठेव. तू ठेवलास.

फिल्टरच काढून टाकू म्हणतेस? का?… फेल कुठे गेलाय? त्या कॅनमध्ये आता जे आहे ना ताई, ते मुलांच्या पोटात गेलं असतं, थोडं थोडं, रोज. ते नळीने धरून ठेवलं होतं. दर आठवड्याला मोजलंय मी, नळीतून आलेल्या पाण्यातलं शिसं एकदाही मर्यादेवर गेलं नाही… हो, खात्री आहे. दुसरी नळी तयार आहे माझ्याकडे. दोन तासांत बसवते. मी मोजून सांगेपर्यंत विहिरीचं पाणी बंद. दुकानातनं जार मागव आणि मुलांना ब्रेड दे आज, चालतं एक दिवस.

हं?… तू काय केलंस?… चाखलंस? का पण?"

धाकटीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"मुलांच्या जेवणाला वापरायच्या आधी ते पाणी तू नेहमी चाखतेस… मला कधी बोलली नाहीस. किती?… एक घोट. बरं… नाही, एका घोटाने लगेच काही होत नाही. तरी रक्त तपासायचं. मी येते तेव्हा सोबत जाऊ डॉक्टरांकडे. आपणहून काही औषध घेऊ नकोस… नाही, तू एकटी जायचं नाही.

रागावले नाही गं… नाही म्हणते ना. घाबरले… हो, मीसुद्धा.

जा आता. पोरांचा आवाज येतोय मला इथपर्यंत… हो, निघालेच. ठेवते."

नवी नळी पिशवीत घालताना तिच्या लक्षात आलं, हातमोजे घालायचे राहिलेत. तिने ते घातले, नळी पुन्हा पुसून घेतली आणि जिना उतरायला लागली.