अर्धवट थांबवलेलं गाणं

आई : …मी काहीही केलेलं नाही, हे आधीच सांगते!

मुलगी : अगं, कोण म्हणतंय तू केलंस? फोन स्पीकरवर टाक आणि बाबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाच.

आई : माझा चष्मा सापडत नाहीये सकाळपासून. थांब, ह्यांचा लावते. शी, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतंय. 'आवाज सापडला नाही.' ठमे, कुठलंही बटण दाबलं की हेच. 'पाणी दे' दाबलं, 'दार लाव' दाबलं. ढिम्म! ह्यांचा आवाज गेला गं सगळा.

मुलगी : आई, रडू नकोस.

आई : रडू नको काय? ऑपरेशन झाल्यापासून गळ्यातून हूं की चूं निघत नाही माणसाच्या. होता नव्हता तो आवाज त्या डब्यात भरून ठेवलेला. तुझ्याकडे दुसरी प्रत असेल ना?

मुलगी : मी भरून घेतलं ते सगळं आहे. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी एकट्याने बसून जे भरलं, ते फक्त तिथेच आहे. घेते, घेते म्हणत राहूनच गेलं.

आई : दार लावून बसले होते. मलाही बाहेर काढलं. काय बोलले देव जाणे. ती शेवटच्या ओळीतली बटणं अजून एकदाही दाबली नाहीयेत त्यांनी. आणि आता बघ, डोक्याकडे बोट दाखवतायत मला. हो, कळलं हो! डोकं फिरलंय माझं. फिरणारच!

मुलगी : सकाळी चालू होतं का?

आई : चहाच्या वेळी बोलले की. 'साखर कमी आहे.' मग तू परवा ते गाण्याचं बटण बसवून दिलंस ना, ते लावून बसले.

मुलगी : आणि त्यानंतर बंद? गाणं पूर्ण झालं होतं?

आई : नाही, मधेच बंद केलं.

मुलगी : कोणी?

आई : ह्यांनीच.

मुलगी : बाबांनी? गाणं? मधेच? काहीतरीच काय! दुकानात गिऱ्हाईक आपला दुरुस्त झालेला रेडिओ मागत उभं असायचं, तरी चालू असलेलं गाणं संपेपर्यंत द्यायचे नाहीत. मी लहानपणी एकदा मधेच खटका बंद केला तर दिवसभर अबोला धरला होता माझ्याशी.

आई : मी हाक मारली होती. गरम पाण्याचं मोठं पातेलं उतरवायचं होतं. पूर्वी कसं, खुर्चीतूनच ओरडायचे, 'गाणं संपू दे गं!' आता ओरडणार कशाने? साधं ओ द्यायचं तरी बटणच दाबायचं. आणि गाणं बंद केल्याशिवाय बोलता कुठे येतंय त्याच्यातून?

मुलगी : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं.

आई : काय?

मुलगी : आई, आवाज गेलेला नाही. जागच्या जागी आहे. प्रोग्राम भलत्या खोलीत उभा आहे.

आई : कुठल्या खोलीत? नीट सांग बाई.

मुलगी : कॉम्प्युटरमध्ये फोल्डर असतात ना, त्या खोल्या समज. प्रोग्राम एका वेळी एकाच खोलीत उभा असतो. मी त्याला सांगितलंय, जिथे उभा आहेस तिथल्या कपाटातून आवाज काढ. गाणं लावायला तो गाण्यांच्या खोलीत गेला. आता तिथेच उभं राहून कपाट शोधतोय. तिथे कुठलं कपाट!

आई : मग परत का नाही आला?

मुलगी : गाणं संपलं की परत ये, असं लिहिलं होतं मी. मधेच थांबलं तर काय, ते लिहिलंच नाही. आपल्या घरात गाणं मधेच थांबवतं कोण?

आई : मग त्या कपाटाचा अख्खा पत्ताच पाठ करून द्यायचा ना त्याला! कुठेही का उभा असेना.

मुलगी : देता येतो. पण मी आधी माझ्या कॉम्प्युटरवर चालवून बघते, इथला पत्ता वेगळा, तुमच्याकडचा वेगळा. त्यापेक्षा सोपं म्हणजे निघताना बघून ठेवायचं आपण कुठे होतो, आणि काम होवो न होवो, तिथेच परत यायचं.

आई : आता यात शिकवायचं काय? दूध मिळालं नाही म्हणून कोणी दुकानातच राहतं का?

मुलगी : माझा राहिला! हसू नकोस. दुरुस्त करतेय. बाबांना सांग, सगळं आहे.

आई : अहो, सगळं आहे म्हणतेय. ऐकलंत ना? बघ, डोळे पुसतायत. मघापासून काही झालंच नाही असा नुसता आव आणून बसले होते.

मुलगी : झालं. आता ते बंद कर आणि पुन्हा उघड. 'नवीन घेऊ का' विचारेल, हो म्हण.

आई : म्हटलं. बटणं आली.

मुलगी : आता बाबांना गाणं लावू दे आणि मधेच थांबवायला सांग.

आई : अहो, लावा. आणि थांबवा हं मधेच. बघ कसे बघतायत माझ्याकडे! अहो, तपासायला हो, एकदाच.

(गाणं सुरू होतं. दोन ओळी होतात आणि थांबतं.)

मुलगी : शाब्बास बाबा! आता शेवटच्या ओळीतलं एखादं दाबा. तुम्ही एकट्याने भरलेलं.

आई : परत डोक्याकडे बोट! ठमे, हे माझी थट्टा करतायत की काय? थांबा हो, मला बघू तरी द्या कुठलं दाबताय. ह्या तुमच्या चष्म्यातून काही म्हणजे काही दिसत नाही.

बाबा : अगं, डोक्यावर बघ. चष्मा डोक्यावरच असतो तुझा.