चांदीची चादर

चहा येतोय तोवर ऐका. कुरकुंभच्या एका कारखान्यानं आमच्या दौंड तालुक्यातल्या एका दवाखान्याला सुती चादरी भेट दिल्या. धाग्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले. त्या कणांनी जंतू मरतात आणि कितीही धुतलं तरी कण निघत नाहीत, असं कारखान्याच्या साहेबांनी वाटपाच्या भाषणात ठासून सांगितलं.

पुढं आमच्या ओळखीतले खुटबावचे आबा पाय चिघळला म्हणून तिथं दाखल झाले. मी भेटायला गेलो, तर चादरीवर पू वाळलेला. त्यांची सून नर्सला विनवत होती, "सिस्टर, चादर तेवढी बदला की. वास मारतीय."

"चांदीची हाय ताई. हिच्यात जंतू जगतच न्हाईत, मग धुवायची कशाला?"

मी डॉक्टरांवर भडकलो. "अहो, धुतली तरी टिकते म्हणूनच दिलीय ना ती?"

"महागाची वस्तू आहे," डॉक्टर म्हणाले. "धुऊन खराब झाली तर जबाबदार कोण?"

आठवडाभरात जखमेचं विष अंगभर पसरून आबा गेले. वॉर्डबॉयनं खाटेवरची चादर ओढून झटकली. सून म्हणाली, "दादा, आता तरी धुवा वो."

"आता धुवून काय उपेग, ताई? आबा तर गेले."

असं म्हणत त्यानं तीच चादर दारात ताटकळलेल्या पुढच्या पेशंटसाठी अंथरली.